वेठ, उचल आणि हमीपत्र
(कोल्हापुरातील एका जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन)



या मालेत बहुतेक वेळा ग्रंथांवर बोलणं होतं. आज आम्ही ग्रंथ घेतलेला नाही, दोन पानांचा एक कागद घेतला आहे. समजा, ताराबाई पार्कात वीस-पंचवीस माणसांची एक कंपनी आहे. बाहेरच्या ग्राहकांचे हिशेब ठेवणं, सॉफ्टवेअर सांभाळणं, असलं सेवेचं काम करते. इंग्लंडमधल्या एका मोठ्या ग्राहकाकडून तिला मेल येते : सोबतचं निवेदन आपल्या लेटरहेडवर घेऊन, सही करून पाठवा. निवेदनाचा आशय असा, की आमच्या व्यवसायात आणि आमच्या पुरवठा साखळीत कुठेही आधुनिक गुलामगिरी नाही, सक्तीची मजुरी नाही, आणि ती होऊ नये म्हणून आम्ही दक्ष आहोत. मालक वाचतात आणि हसतात. आपल्याकडे कुठली आलीय गुलामगिरी? सही होते, कागद जातो. पाच मिनिटांचं काम.

आज आपण त्या पाच मिनिटांबद्दल बोलू. कारण अशी निवेदनं आता इतकी झाली आहेत की तो एक लेखनप्रकारच बनला आहे. त्याचे संकेत ठरलेले आहेत, वाक्यं ठरलेली आहेत. लेखनप्रकार म्हटला की त्याची समीक्षा व्हायला हवी. तो काय सांगतो, काय सांगायचं टाळतो, आणि त्यात कुणाचा आवाज येतच नाही, एवढं बघायचं.

आधी शब्द बघू. इंग्रजीतल्या ‘फोर्स्ड लेबर’चं सरळ भाषांतर ‘सक्तमजुरी’ होतं. पण मराठी वाचकाला सक्तमजुरी म्हटलं की कोर्टाची शिक्षा आठवते. अमुक वर्षं सक्तमजुरी. म्हणजे जो राबतो तोच गुन्हेगार! आपला जुना शब्द आहे वेठ. संस्कृत ‘विष्टी’पासून आलेला. त्याच्या जोडीला फारसीतून आलेला बिगार, त्यातला ‘बे’ म्हणजे विना, मोबदल्याशिवाय. वेठबिगार. आता या शब्दाचं आज काय झालंय बघा. कामगार संपावर गेले की मथळा येतो : प्रवाशांना वेठीस धरलं. ज्याच्या पाठीवरून हा शब्द निघाला, त्याच्याच अंगावर आपण तो उलटवला. भाषा असं करते तेव्हा समाजाला काहीतरी विसरायचं असतं, असं आम्हाला वाटतं.

आता हा कागद येतो कुठून? ब्रिटनने २०१५मध्ये ‘मॉडर्न स्लेव्हरी’ कायदा केला. त्याच्या ५४व्या कलमानुसार वर्षाला ३ कोटी ६० लाख पौंड किंवा अधिक उलाढाल असलेल्या कंपनीने दरवर्षी निवेदन काढायचं, संचालक मंडळाने ते मंजूर करायचं, संचालकाने सही करायची. आपली ताराबाई पार्कातली कंपनी या आकड्याच्या जवळपासही नाही. पण मोठी कंपनी आपल्या निवेदनासाठी धाकट्याकडून हमी मागते, धाकटा त्याहून धाकट्याकडून. या कलमात एक गंमत आहे. कंपनीने आपण काय पावलं उचलली ते लिहावं, किंवा आपण काहीच पावलं उचलली नाहीत असं लिहावं, दोन्ही चालतं! कायदा कृती मागत नाही, वाक्य मागतो. आपल्याकडेही सेबीने मोठ्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३पासून जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला आहे. त्यात सक्तीच्या मजुरीबद्दल किती तक्रारी आल्या याचा रकाना असतो.

पहिला मुद्दा त्या रकान्याचाच घेऊ. तक्रारी : शून्य. निवेदनात हे शून्य पुरावा म्हणून येतं. पण तक्रार कोण करू शकतो? ज्याला तक्रारीनंतरही उद्या काम मिळेल याची खात्री आहे, तो. ज्याच्यावर खरोखर सक्ती आहे त्याच्याकडून शून्यच येणार. पूर्ण न्याय असला तरी शून्य आणि पूर्ण धाक असला तरी शून्य. दोन उलट परिस्थितींत जे सारखंच दिसतं, ते कोणत्याच बाजूचा पुरावा होत नाही. तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाला हे शिकवतात.

दुसरा मुद्दा व्याकरणाचा. ही निवेदनं वाचताना कर्ता शोधा. काळजी घेतली जाते, तपासणी केली जाते, उल्लंघन आढळल्यास कारवाई करण्यात येईल. सगळा कर्मणी आणि भावे प्रयोग. कोण तपासतं, कधी, कुणाला विचारून? कर्ता नाही. आणि जिथे कर्ता नाही तिथे मुकादमही नाही, ठेकेदारही नाही, आणि माल स्वस्तात मागणारा ग्राहक तर मुळीच नाही.

तिसरा मुद्दा सगळ्यात खोल आहे. सक्ती म्हणजे काय? निवेदनाच्या मनात एक चित्र असतं : साखळदंड, कुलूप, चाबूक. ते आपल्याकडे नाही, म्हणून सक्ती नाही. माणूस आपल्या पायाने कामावर आला, अंगठा दिला, पैसे घेतले. मग संमती झालीच की!

तत्त्वज्ञानात हा प्रश्न जुना आहे. ॲरिस्टॉटल नीतिशास्त्राच्या तिसऱ्या भागात उदाहरण देतो. वादळात सापडलेल्या जहाजातले लोक स्वतःच्या हाताने माल समुद्रात टाकतात. हे स्वखुशीने की नाइलाजाने? तो म्हणतो, ही कृती मिश्र आहे. त्या घडीला माणूस ती निवडतो, पण एरवी कोणताही शहाणा माणूस तसं करणार नाही. हॉब्ज १६५१मध्ये तेच उदाहरण उचलतो आणि उलट निकाल देतो. भीतीपोटी केलं तरी स्वेच्छेनेच केलं. भीती आणि स्वातंत्र्य एकत्र नांदू शकतात. आमच्या मते आजची निवेदनं पक्की हॉब्जवादी आहेत. सही आहे ना? मग स्वेच्छा आहे.

आणि आता अभिमानाने सांगण्यासारखी गोष्ट. हा वाद आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२मध्ये, ब्रिटनच्या कायद्याच्या ३३ वर्षं आधी, निकाली काढला. दिल्लीत एशियाडची बांधकामं चालू होती. मजुरांची किमान मजुरी दिवसाला ९ रुपये २५ पैसे. ठेकेदार ती जमादारांमार्फत देत. जमादार प्रत्येक मजुरामागे एक रुपया काढून घेत, मजुराच्या हातात ८ रुपये २५ पैसे पडत. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स ही संघटना न्यायालयात गेली. सरकारी यंत्रणांचं म्हणणं, मजूर आमचे नाहीत, ठेकेदाराचे आहेत. न्यायमूर्ती भगवतींच्या निकालाने ते मानलं नाही. काम ज्याचं, त्याला हात झटकता येत नाहीत. आणि पुढे जाऊन सांगितलं, की किमान मजुरीपेक्षा कमी पैशांत कुणी राबत असेल तर ती राज्यघटनेच्या २३व्या कलमाने मना केलेली सक्तीची मजुरीच आहे. कारण भूक आणि दारिद्र्य यांचा रेटा हीसुद्धा सक्तीच. दुसरा मार्गच नसेल तर होकाराला होकार म्हणता येत नाही. एका रुपयाच्या कपातीत न्यायालयाला वेठ दिसली. आपल्या निवेदनाला साखळदंड दिसेपर्यंत ती दिसत नाही.

आता कोल्हापुरात या. ताराबाई पार्कातल्या त्या कंपनीत रोज दोन वेळा चहा होतो. चहात साखर असते. साखर कुठून येते हे कोल्हापूरकराला सांगायला नको. दिवाळीच्या आगे-मागे बीडकडून, मराठवाड्यातून टोळ्या येतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. माणसांची मोजदाद अवजाराने करणारी ही भाषा आहे, तीही लक्षात ठेवा. मुकादम हंगामाआधी उचल देतो, कोयत्याला ५० हजारांपासून लाखावर. कारखाना करार करतो तोडणी-वाहतूकवाल्याशी. तो पैसे देतो मुकादमाला, मुकादम कोयत्याला. कागदावर बघाल तर ऊस तोडणारी बाई कुणाचीच कामगार नाही.

हिशेब करून बघू. २०२४च्या जानेवारीत ३४ टक्के वाढ होऊन तोडणीचा दर टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. लाखाची उचल फेडायला साधारण २७३ टन तोडावे लागतात. जोडीने दिवसाला दोन टन तोडले, एकही खाडा झाला नाही, तरी १३७ दिवस. आपला हंगाम शंभर-सव्वाशे दिवसांचा, कधी त्याहूनही आखूड. म्हणजे उचल अंगावर राहते, आणि अंगावरची बाकी पुढच्या हंगामाला त्याच मुकादमाकडे परत आणते. पाळीच्या दिवसांत, आजारपणात कामावर गेलं नाही तर खाडा, आणि खाड्याचा दंड. बीड जिल्ह्यात २०१९मध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला, तेव्हा ८२ हजारांवर ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३ हजार ८००हून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. मार्च २०२४मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्ट यांनी ही सगळी साखळी महाराष्ट्रातल्या फडापासून जगातल्या मोठ्या शीतपेय कंपन्यांपर्यंत जोडून दाखवली. त्या कंपन्यांकडेही पुरवठादारांसाठी आचारसंहिता होत्याच. कागद होता. फडात तो पोचला नव्हता.

इथे श्रोत्यांपैकी काही जण अस्वस्थ होतील, आणि त्यांची बाजू खोटी नाही. सर, उचल मजूरच मागतात; आणि मुकादम लाखो रुपये घेऊन पळतात, ट्रॅक्टरवाला कर्जात बुडतो, पोलिसांत तक्रारी होतात, त्याचं काय? हे घडतं, आणि त्यात आपल्याच गावाकडच्या पोरांचे ट्रॅक्टर बँकेने ओढून नेलेत. पण यातून निष्कर्ष काय निघतो? उचलीची पद्धत मजुराला बांधते आणि ट्रॅक्टरवाल्यालाही बुडवते. जोखीम साखळीत खाली खाली ढकलत नेली, की ती ज्या दोघांना परवडत नाही त्यांच्यावर जाऊन बसते. कारखाना आणि ग्राहक वर मोकळे राहतात.

उचल घेणं म्हणजे वेठ, असं आम्ही म्हणत नाही. आगाऊ पगार शहरातला नोकरदारही घेतो. फरक ओळखायला १९७६चा वेठबिगार निर्मूलन कायदा पुरेसा आहे. आगाऊ रकमेच्या बदल्यात माणूस नाममात्र मजुरीवर राबतो का? दुसरीकडे काम करण्याचं, हिंडण्या-फिरण्याचं स्वातंत्र्य गमावतो का? तसं असेल तर ते कर्ज कायद्याने संपलेलंच आहे. आणि हे कर्ज वेठीचं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या कायद्याने धनकोवर टाकली आहे, मजुरावर नाही. निवेदनात नेमकं उलट असतं. तिथे सक्ती आहे हे मजुराने सिद्ध करायचं.

मग सगळी चर्चा एका साध्या प्रश्नावर येते : उद्या सकाळी या माणसाला काम सोडून जाता येईल का, आणि गेला तर त्याचं काय होईल? या एका प्रश्नाला आम्ही पाच पानांच्या आचारसंहितेपेक्षा जास्त मानतो.

आणि हा प्रश्न घेऊन आपण पुन्हा ताराबाई पार्कात गेलो तर? नव्या पोरा-पोरींकडून दोन-दोन वर्षांचा बाँड लिहून घेतात, मूळ मार्कशीट कपाटात ठेवतात, अशा कंपन्या आपल्याला माहीत आहेत. कागदपत्रं अडकवून ठेवणं हे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सांगितलेल्या सक्तीच्या अकरा खुणांपैकी एक आहे. ऊसतोडीशी याची बरोबरी करणं हा त्या बायकांचा अपमान होईल. पण ज्या कपाटात ती मार्कशीट आहे, त्याच कपाटात ते सही केलेलं निवेदन ठेवलेलं असतं, एवढं तरी दिसावं.

दारातला वॉचमन घ्या. इमारतीला चोवीस तास राखण हवी. आठवड्याचे १६८ तास. माणसाचा आठवडा ४८ तासांचा धरला तर साडेतीन माणसं लागतात. एजन्सीचं कोटेशन दोन माणसांचं आहे आणि सगळ्यात कमी आहे, म्हणून आपण ते घेतलं. म्हणजे प्रत्येकी ८४ तास, सुट्टी नाही. ही वेठ एजन्सीने लपवून केलेली नाही, ती कोटेशनमध्येच लिहिलेली आहे. फक्त भागाकार करायचा कंटाळा केला. वर आपण बिल तीन महिन्यांनी देतो, एजन्सी पगार अडकवते, आणि अडकलेल्या पगारामुळे तो माणूस सोडून जाऊ शकत नाही. सफाईला येणाऱ्या मावशींचंही तेच. निवेदन पुरवठादाराला दहा प्रश्न विचारतं. खरेदीदाराने किती दर दिला आणि पैसे कधी दिले, हा प्रश्न त्यात नसतो. या लेखनप्रकारातली ही सगळ्यात मोठी गाळलेली जागा आहे.

न्याय्य समीक्षेत गुणही सांगायचे असतात. या कागदाने एक मोठी गोष्ट मान्य केली आहे. माझ्या भिंतीपलीकडे जे घडतं त्याच्याशी माझा संबंध आहे. शंभर वर्षांपूर्वी कुठल्या व्यापाऱ्याने हे सहीनिशी कबूल केलं असतं? शिवाय सही केलेलं वाक्य पुढे कुणीतरी तोंडासमोर धरू शकतं. म्हणून आम्ही हा कागद फाडून टाका म्हणत नाही, तो भरा म्हणतो.

कसा भरायचा, याचा धडा आपल्याच संस्थानात आहे. महार वतन म्हणजे काय होतं? जमिनीचा तुकडा दिलेला, आणि त्याच्या बदल्यात गाव सांगेल ते, सांगेल तेव्हा, राबायचं. नीट बघितलं तर ती जमिनीच्या रूपातली पिढ्यान्‌पिढ्यांची उचलच होती. राजर्षी शाहू महाराजांनी वेठ वाईट आहे असा नुसता जाहीरनामा काढला असता तर काय झालं असतं? जमीन जाईल या भीतीने माणूस राबतच राहिला असता. महाराजांनी १९१८मध्ये वतनच मोडलं आणि जमिनी रयताव्याने त्या-त्या माणसाच्या नावावर केल्या. घेतलेल्या वस्तूची आणि माणसाच्या स्वातंत्र्याची गाठ सोडवली. वेठ बंद करायची तर व्यवहाराच्या अटी बदलाव्या लागतात, हे त्यांना कळलं होतं.

तेव्हा लहान कंपनीने आपल्या निवेदनात काय लिहावं? आमच्याकडे वेठ नाही, हे वाक्य काढून टाकावं. ते तिला माहीत नसतं. त्याऐवजी तिला माहीत असलेल्या गोष्टी लिहाव्यात. आम्ही कुणाचीही मूळ कागदपत्रं ठेवत नाही. वॉचमन आणि सफाईच्या कोटेशनमध्ये किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी, ईएसआय आणि सुट्टीच्या बदलीचा माणूस, एवढं धरून जो आकडा येतो, त्याखालचं कोटेशन आम्ही घेत नाही. एजन्सीचं बिल इतक्या दिवसांत देतो. वर्षातून दोनदा वॉचमनशी आणि मावशींशी, एजन्सीचा माणूस समोर नसताना, आमच्यापैकी अमुक व्यक्ती बोलते, आणि पगार हातात किती पडला ते विचारते. आणि गैर आढळलं तर एजन्सी बदलण्याआधी त्या माणसाचं थकलेलं वेतन आधी मिळवून देते. हे शेवटचं महत्त्वाचं. नाहीतर आपले हात स्वच्छ ठेवण्याच्या नादात आपण एजन्सी तोडतो आणि त्या माणसाची नोकरी जाते. प्रत्येक वाक्याला कर्ता असावा, आणि प्रत्येक वाक्य खोटं ठरवता यावं. खोटं ठरवता येत नाही असं वाक्य खरंही नसतं.

एक प्रश्न आला आहे, तो घेतो आणि थांबतो. ‘सर, वीस माणसांच्या चहाच्या साखरेने कारखान्याला काय फरक पडणार?’

काही नाही पडणार. किराणा दुकानातल्या पोत्यात कुठल्या फडातली साखर आहे ते तुम्हाला शोधताही येणार नाही. तसं निवेदनात सरळ लिहा. पण इंग्लंडमधल्या ग्राहकासारखा तुम्ही इथे परका माणूस नाही. या सभागृहात बसलेल्यांपैकी कितीतरी घरांत सहकारी साखर कारखान्याचा शेअर आहे. वार्षिक सभेला आपण जातो, एफआरपीवर तावातावाने बोलतो, ते बोललंच पाहिजे. त्याच सभेत सभासद म्हणून आणखी तीन गोष्टी विचारता येतात. आपल्या कारखान्याकडे येणाऱ्या कोयत्यांची नावनिशी नोंद आहे का? उचलीचा आणि तोडणीचा हिशेब त्या बाईच्या हातात लेखी पडतो का? आणि हंगाम संपल्यावर बाकी राहिली तर तिला घरी जाऊ देतात का? विचारून बघा. उत्तर काय येतं ते आम्हाला कळवा, त्यावर पुन्हा बोलू.